मशीनचा स्विच ‘गेला’ म्हणण्याआधी: नव्या मेकॅनिकसाठी बिघाड शोधण्याची पद्धत

एक्स्कॅव्हेटरचा किंवा लोडरचा ऑपरेटर येतो आणि सांगतो, "वर्क लाइटचा स्विच गेलाय." हाताखालचा नवा मुलगा लगेच स्टोअरला पळतो, नवा स्विच आणतो, बसवतो, दाबतो. लाइट लागत नाहीत. मग रिले बदलला जातो, मग फ्यूज, मग कोणीतरी म्हणतं की कंट्रोलरच उडाला असेल. दिवस मावळतो, मशीन तसंच उभं असतं, आणि बाकड्यावर पडलेला जुना स्विच मुळात चांगलाच असतो.

हे मी इतक्या वेळा पाहिलंय की नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच सांगतो. स्विच हा सर्किटचा फक्त एक तुकडा आहे. त्याच्या आधी बॅटरी, फ्यूज, वायर आणि कनेक्टर असतात. त्याच्या पुढे रिले (छोट्या करंटने मोठा करंट जोडणारा स्विच), आणखी वायर, दिवा किंवा सोलेनॉइड (करंट मिळाला की व्हॉल्व्ह हलवणारी कॉइल), आणि शेवटी चासीवरचं अर्थिंग, म्हणजे करंटचा बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायचा रस्ता. यातलं काहीही तुटलं तरी ऑपरेटरला दिसतं ते एवढंच, की बटण दाबलं आणि काही झालं नाही. त्याचा हात स्विचलाच लागतो, म्हणून तो स्विचचं नाव घेतो. बिघाड नेमका कुठे आहे ते शोधणं हे आपलं काम, आणि ते करायचं मीटर लावून, सर्किटवर भार असताना. ‘भार असताना’ हे दोन शब्द या लेखात पुन्हा पुन्हा येतील, कारण निम्म्याहून जास्त चुका तिथेच होताना मी पाहतो.

आधी ऐका, मग हत्यार उचला

बॉनेट उघडण्याआधी ऑपरेटरशी पाच मिनिटं बोला. बिघाड कायमचा आहे की येतो-जातो? मशीन गरम झाल्यावर होतो की सकाळी पहिल्यांदा चालू करताना? खड्ड्यातून जाताना होतो का? प्रेशर वॉशरने मशीन धुतलं का? नुकतंच वेल्डिंग झालं का? कोणी जादा लाइट, पंखा किंवा रेडिओ बसवला का? धुतल्यानंतर सुरू झालेला बिघाड बहुतेक वेळा कनेक्टरमधल्या पाण्याचा निघतो. हादऱ्याबरोबर येणारा बिघाड सैल पिन किंवा आतून तुटलेली वायर दाखवतो. नवे लाइट बसवल्यावर स्विच गरम व्हायला लागला, तर त्या स्विचवर त्याच्या क्षमतेपेक्षा जास्त करंट टाकलाय हे जवळपास नक्की.

मग स्वतः बटण दाबून बघा. त्याच फ्यूजवरच्या बाकी गोष्टी चालतात का तेही बघा. वर्क लाइटबरोबर वायपर आणि हॉर्नही बंद असेल, तर स्विचकडे जायचं कारणच नाही; तिघांचा सामाईक फ्यूज किंवा सामाईक अर्थिंग शोधा. एवढ्या एका निरीक्षणाने कित्येकदा तासभराचं काम वाचतं.

एक फसवी गोष्ट इथेच सांगतो. रॉकर स्विचच्या आतला छोटा दिवा पेटला म्हणजे स्विच चांगला, असं नाही. पुष्कळ स्विचमध्ये त्या दिव्याला वेगळी वायर आणि वेगळं अर्थिंग असतं. काँटॅक्ट पूर्ण जळालेला असूनही दिवा छान पेटलेला दिसतो.

मशीन सुरक्षित करणं

हा भाग घाईत उरकू नका. मशीन सपाट जागेवर उभं करा, बकेट आणि बूम जमिनीला टेकवा, पार्किंग ब्रेक लावा, ट्रान्समिशन न्यूट्रलला ठेवा, चाकांच्या मशीनला चाकाखाली ओट (ठोकळे) लावा. इंजिन बंद करून हायड्रॉलिकचा उरलेला दाब सोडा. कारण आपण ज्या वायरला हात लावणार आहोत, ती एखाद्या सोलेनॉइडची असू शकते, आणि चुकून तिला करंट मिळाला तर बूम किंवा स्विंग हलेल. किल्ली काढून स्वतःच्या खिशात ठेवा आणि स्टिअरिंगवर किंवा लिव्हरवर ‘काम चालू आहे, चालू करू नका’ अशी पाटी अडकवा.

हातातली अंगठी, कडं, धातूच्या पट्ट्याचं घड्याळ काढून ठेवा. २४ व्होल्टचा झटका कोरड्या हाताला सहसा जाणवतही नाही, म्हणून लोक बेफिकीर राहतात. पण बॅटरीच्या पॉझिटिव्ह आणि चासी यांच्यात अंगठी आली तर शेकडो अँपिअर करंट वाहतो आणि धातू क्षणात लाल होतो. बोट जातं.

वायर कापायची किंवा भाग काढायचा असेल तेव्हा बॅटरीचा मेन आयसोलेटर (बॅटरी तोडणारा मुख्य स्विच) बंद करा. पण इंजिन बंद केल्याबरोबर आयसोलेटर फिरवू नका. नव्या मशीनमध्ये कंट्रोलर (मशीनचा छोटा संगणक) माहिती साठवत असतो, आणि एक्झॉस्टसाठी युरिया वापरणाऱ्या इंजिनात पंप पाइपमधला द्रव परत टाकीत ओढत असतो. बऱ्याच मशीनवर आयसोलेटरजवळ यासाठी एक दिवा असतो. तो विझेपर्यंत थांबा. दिवा नसेल तर मॅन्युअलमध्ये दिलेली वेळ पाळा. बॅटरीच्या केबल काढायच्या झाल्या तर आधी निगेटिव्ह, आणि जोडताना निगेटिव्ह शेवटी. हायब्रिड किंवा इलेक्ट्रिक मशीनमध्ये केशरी रंगाच्या केबल दिसल्या तर त्या जास्त व्होल्टेजच्या आहेत. त्याचं प्रशिक्षण झालेलं नसेल तर त्यांना हात लावू नका.

काय काय जवळ हवं

एक चांगला डिजिटल मल्टीमीटर, शक्यतो कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा धरून ठेवणारा. बल्बवाला टेस्ट लॅम्प, मशीनच्या व्होल्टेजचाच. कनेक्टरच्या मागच्या बाजूने घालायच्या बारीक बॅक-प्रोब पिना. फ्यूज लावलेली एक जंपर वायर. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे त्याच मशीनच्या सीरियल नंबरचा वायरिंग डायग्राम. एकाच मॉडेलमध्ये मधल्या एखाद्या सीरियल नंबरपासून वायरचे रंग आणि पिनांचे क्रमांक बदललेले असतात. चुकीच्या डायग्रामवरून काम केलं तर सगळी मापं बरोबर घेऊनही निष्कर्ष चुकतो.

वायरच्या आवरणात सुई टोचून माप घ्यायची सवय लावून घेऊ नका. त्या भोकातून ओल आत शिरते आणि काही महिन्यांनी तिथे तांबं हिरवं पडून नवा बिघाड तयार होतो. कनेक्टरच्या मागून माप घ्या. पुढच्या बाजूने मादी पिनेत जाड प्रोब खुपसला तर पिनेचं तोंड फाकतं आणि उद्यापासून तिथेच लूज काँटॅक्ट सुरू होतो.

डायग्राममध्ये स्विच वाचणं

नव्या माणसाला डायग्रामची भीती वाटते, पण स्विचपुरतं तीन गोष्टी कळल्या तरी काम चालतं.

पहिली म्हणजे, स्विच कोणत्या स्थितीत काढलेला आहे? सहसा डायग्राममध्ये स्विच त्याच्या विश्रांतीच्या स्थितीत असतो, म्हणजे बटण न दाबलेलं, दाब नसलेला, इंजिन बंद. नॉर्मली ओपन स्विच त्या स्थितीत उघडा असतो आणि दाबल्यावर जोडतो. नॉर्मली क्लोज्ड स्विच आधीच जोडलेला असतो आणि दाबल्यावर तोडतो. इमर्जन्सी स्टॉप बहुतेक ठिकाणी नॉर्मली क्लोज्ड ठेवतात, कारण त्याची वायर तुटली तरी मशीन थांबावं. जुन्या पद्धतीचा इंजिन ऑइल प्रेशर स्विचही असाच असतो. इंजिन बंद असताना तो अर्थिंगला जोडलेला राहतो म्हणून किल्ली फिरवल्यावर लाल दिवा लागतो, आणि इंजिन चालू होऊन दाब आला की तो उघडतो, दिवा विझतो. हे माहीत नसेल तर चांगला स्विच ‘शॉर्ट आहे’ म्हणून फेकला जातो.

दुसरी, स्विच पॉझिटिव्हच्या बाजूला आहे की अर्थिंगच्या बाजूला? लाइटचे स्विच सहसा पॉझिटिव्ह तोडतात. पण रिलेच्या कॉइलचे आणि इंडिकेटर दिव्यांचे स्विच पुष्कळदा अर्थिंग तोडतात. अर्थिंगच्या बाजूच्या स्विचवर २४ व्होल्ट शोधत बसलात तर गोंधळ उडतो. तिथे स्विच उघडा असताना २४ दिसणार आणि काँटॅक्ट जोडला की शून्याच्या जवळ येणार, आणि तेच बरोबर असतं.

तिसरी, टर्मिनलचे क्रमांक. जर्मन पद्धतीचे आकडे असंख्य मशीनवर दिसतात, ते पाठच करून टाका. ३० म्हणजे बॅटरीचा थेट पॉझिटिव्ह, १५ म्हणजे किल्लीनंतरचा पॉझिटिव्ह, ५० म्हणजे सेल्फकडे जाणारा, ३१ म्हणजे अर्थिंग. रिलेवर ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर करंट येतो, ८७ वरून पुढे जातो, आणि ८७ए हा कॉइलला करंट नसताना जोडलेला असतो.

माप घेण्याचा क्रम

उदाहरण म्हणून एक साधा बिघाड धरू. २४ व्होल्टचं मशीन, एका रॉकर स्विचवर ७० वॅटचे दोन हॅलोजन वर्क लाइट, लाइट मंद लागतात आणि कधी कधी लागतच नाहीत. या सर्किटमध्ये रिले नाही.

सुरुवात बॅटरीपासून. १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतात. पूर्ण चार्ज असलेल्या, थोडा वेळ आराम मिळालेल्या जोडीवर २५.२ ते २५.४ व्होल्टच्या आसपास दिसायला हवं, आणि इंजिन चालू असताना साधारण २७.५ ते २८.५. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्याही मोजा. एक १२.६ आणि दुसरी ११.९ असेल तर बघा, कोणी एकाच बॅटरीवरून रेडिओ किंवा मोबाइल चार्जर जोडलाय का. ही खोड फार सापडते. त्यात एक बॅटरी उपाशी राहते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ व्होल्ट हवे असतील तर कन्व्हर्टरच लावावा.

नंतर फ्यूज. ब्लेड फ्यूजच्या डोक्यावर दोन उघडे ठिपके असतात, त्यांवर प्रोब ठेवून फ्यूज न काढता मोजता येतं. दोन्ही बाजूंना बॅटरीइतकं व्होल्टेज दिसलं तर फ्यूज ठीक. एकाच बाजूला दिसलं तर उडालाय. फ्यूज उडालेला असेल तर नवा घालून पुढे जायचं नाही. तो कशाने उडाला ते शोधायचं. १० अँपिअरचा लाल फ्यूज उडतो म्हणून २० चा पिवळा घातला, तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी वायर जळते, आणि केबिनच्या आतून लागलेली आग कोणाला वेळ देत नाही.

आता स्विच. पॅनेलमधून तो बाहेर काढा, पण कनेक्टर काढू नका. मीटर डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब चांगल्या, घासून स्वच्छ केलेल्या चासीच्या बोल्टवर धरा. किल्ली ऑन, स्विच ऑन. स्विचच्या येणाऱ्या पिनेवर मागून मोजा: समजा २४.६ मिळाले. म्हणजे बॅटरीपासून स्विचपर्यंतचा रस्ता मोकळा आहे. आता जाणाऱ्या पिनेवर मोजा. तिथे २४.५ मिळाले तर स्विच निर्दोष, बिघाड पुढे आहे. तिथे १६ मिळाले तर ८.६ व्होल्ट स्विचच्या पोटातच अडकलेत.

हेच अजून नेमकं करायचं तर लाल प्रोब येणाऱ्या पिनेवर आणि काळा जाणाऱ्या पिनेवर ठेवा, लाइट चालू ठेवा. मीटर जे दाखवेल तो स्विचवरचा व्होल्टेज ड्रॉप. चांगल्या स्विचवर तो ०.१ व्होल्टच्या आसपास असतो, ०.२ च्या वर गेला की मी त्या काँटॅक्टकडे संशयाने बघतो. स्विच ऑन असूनही पूर्ण २४ दिसले तर काँटॅक्ट जोडतच नाही.

कनेक्टर काढून ओहम किंवा बीपवर मोजलं तर का चालत नाही? याचं उत्तर नीट समजून घ्या, मग आयुष्यभर चूक होणार नाही. काळवंडलेल्या काँटॅक्टचा रोध २ ओहम झालाय असं धरा. अनेक मीटर दहा-वीस ओहमखाली काहीही असलं तरी बीप देतात, म्हणजे आपला स्विच ‘चांगला’ ठरला. पण ७० वॅटच्या दोन दिव्यांचा, म्हणजे एकूण १४० वॅटचा, तापलेला रोध सुमारे ४ ओहम असतो. ४ ओहमच्या दिव्यांबरोबर २ ओहमचा स्विच सिरीजमध्ये बसला, तर ढोबळ हिशेबाने २४ पैकी ८ व्होल्ट स्विच खातो आणि दिव्यांना १६ मिळतात. करंट साधारण ४ अँपिअर, म्हणजे स्विचच्या आत तीसेक वॅट उष्णता. छोट्या सोल्डरिंग आयर्नएवढी उष्णता त्या प्लॅस्टिकच्या डबीत तयार होते. म्हणून स्विचचं बूड तपकिरी पडतं, पिनेभोवतीचं प्लॅस्टिक वितळतं आणि जळकट वास येतो. मीटरमधून ओहम मोजताना मात्र अगदी नगण्य करंट जातो, त्याला यातलं काही कळत नाही. एकाच तारेवर टिकलेल्या वायरचंही हेच. वीस तारांपैकी एकोणीस तुटल्या तरी बीप वाजतो.

या कामाला बल्बवाला टेस्ट लॅम्प छान. मीटरला कुजलेल्या वायरवरही २४ व्होल्ट दिसतात; टेस्ट लॅम्प थोडा करंट ओढतो, म्हणून तिथे तो मंद पेटतो किंवा पेटतच नाही. फक्त कंट्रोलरच्या सिग्नल वायरवर तो लावू नका, त्याचं कारण पुढे येतंय.

स्विच निर्दोष निघाला तर लाइटकडे जा. लाइटच्या कनेक्टरवर पॉझिटिव्ह पूर्ण मिळतोय, तरी दिवा मंद आहे? मग लाल प्रोब लाइटच्या अर्थिंगच्या पिनेवर आणि काळा प्रोब थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून लाइट चालू करा. चांगल्या अर्थिंगवर इथे ०.१-०.२ व्होल्ट येतात. १, २, ३ व्होल्ट आले तर अर्थिंगच्या बोल्टखाली रंग, गंज किंवा माती आहे. बोल्ट काढा, चासीचा पत्रा चकचकीत होईपर्यंत घासा, लग (वायरच्या टोकाचं कडं) स्वच्छ करा, घट्ट आवळा आणि वरून गंजरोधक लावा. केबिन रबर माउंटवर बसलेली असते, म्हणून केबिन आणि चासी यांच्यामधली विणलेली अर्थ पट्टीही बघा. ती तुटली की केबिनमधली निम्मी यंत्रणा विचित्र वागू लागते: हॉर्न दाबला की इंडिकेटर मिणमिणतो, वायपर चालू केला की गेज हलतो. असे एकमेकांत गुंतलेले बिघाड दिसले की मी सरळ अर्थिंगकडे जातो.

रिले असेल तर

वर्क लाइट, सेल्फ, हॉर्न, एसी अशा जड भारांसाठी बऱ्याच मशीनवर स्विच फक्त रिलेची कॉइल चालवतो. स्विच दाबल्यावर रिलेचा टक आवाज येतो का, बोट ठेवून हादरा जाणवतो का ते बघा. टक येतो पण लाइट लागत नाही, तर स्विच आणि कॉइलचा रस्ता ठीक. रिलेचा काँटॅक्ट किंवा त्यापुढचं सर्किट बघा. टक येत नसेल तर स्विच ऑन करून ८६ आणि ८५ यांच्यामध्ये मोजा. पूर्ण व्होल्टेज आहे आणि तरी रिले ओढत नाही, तर रिले गेलाय. शेजारचा तसाच रिले अदलाबदल करून बघणं ही जुनी आणि खरी युक्ती आहे, पण आधी दोघांचा पार्ट नंबर, व्होल्टेज आणि पिनांची मांडणी सारखी आहे का ते वाचा. काही रिलेंमध्ये कॉइलला समांतर डायोड असतो, तो उलटा बसला तर शॉर्ट होतो.

तो डायोड कशासाठी? कॉइलचा करंट तोडला की ती क्षणभर उलट दिशेचं मोठं व्होल्टेज फेकते, आणि स्विचच्या काँटॅक्टवर ठिणगी पडते. डायोड किंवा रेझिस्टर ते शोषून घेतो. कोणी बाहेरून साधा, डायोड नसलेला रिले बसवला असेल तर तोच स्विच पुन्हा पुन्हा जळत राहतो. म्हणून एखाद्या जागेवरचा स्विच वर्षात दुसऱ्यांदा गेला, तर तिसरा बसवण्याआधी तो का जातोय ते विचारा.

येणारा-जाणारा बिघाड

खरी परीक्षा इथे असते. एका एक्स्कॅव्हेटरवर मी गेलो होतो. तक्रार अशी, की काम करताना मधेच हायड्रॉलिक बंद पडतं आणि दोन सेकंदांनी परत येतं. डाव्या कन्सोलवरचा सेफ्टी लॉक लिव्हर एक छोटा लिमिट स्विच दाबतो, आणि तो जोडला की पायलट सोलेनॉइडला, म्हणजे हायड्रॉलिक चालू करणाऱ्या सोलेनॉइडला, करंट मिळतो. तो स्विच माझ्या आधी दोनदा बदलून झाला होता. मी तिसरा मागवला नाही. मीटर सोलेनॉइडच्या कनेक्टरवर मागून लावला, कमीत कमी आकडा धरून ठेवायला सांगितला आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) एकेका वितीने हलवत गेलो. स्विचपाशी काही नाही. कन्सोल जिथे वर उचलला जातो तिथल्या बिजागरीपाशी हार्नेस वाकवला, आणि आकडा २४ वरून ३ वर आला. टेप सोडली तर वायरचं आवरण अगदी धड होतं, ओरखडासुद्धा नाही. पण वायर दोन बोटांत धरून हलकेच ओढली तर तो इंचभराचा भाग रबरासारखा लांबला. आत तांबं तुटलेलं होतं, ओढ लागली की टोकं सुटायची, सैल झाली की परत टेकायची.

ती बोटांची खूण लक्षात ठेवा. धड वायर ताणत नाही. आतून तुटलेली ताणते. जिथे जिथे वायर रोज वाकते तिथे आधी बघा: कन्सोलची बिजागरी, केबिनचा दरवाजा, लोडरचा आर्टिक्युलेशन जॉइंट (मशीन जिथे मधोमध वळतं तो सांधा), बूमचा पाया, तिरपं होणारं स्टिअरिंग. हार्नेस जिथे लोखंडी कडेला घासतो तिथे आवरण झिजून शॉर्ट होतो. आणि मशीन बरेच दिवस उभं असेल तर उंदरांनी कुरतडलेली जागा सीटखाली आणि बॅटरीच्या खोक्यात शोधा.

सेफ्टी स्विचला जंपर मारून ठेवू नका

सीटखालचा स्विच, न्यूट्रल स्टार्ट स्विच (न्यूट्रलला असतानाच सेल्फ उचलू देणारा), लॉक लिव्हरचा स्विच, इमर्जन्सी स्टॉप. हे बिघडले की मशीन उभं राहतं आणि साइटवरून फोन सुरू होतात: "तात्पुरतं डायरेक्ट करून दे." तपासणीसाठी दोन मिनिटं फ्यूजवाली जंपर लावून बघणं वेगळं. तेही मशीनभोवती कोणी नसताना, ब्रेक लावून. तशीच ठेवून निघून जाणं म्हणजे पुढच्या अपघाताची तयारी करून जाणं. ऑपरेटर केबिनमधून उतरताना बाही लिव्हरला अडकली आणि बूम फिरला, तर त्याला वाचवणारी शेवटची गोष्ट तो लॉक लिव्हरचा स्विच असतो.

त्याहून वाईट सवय म्हणजे जमिनीवर उभं राहून स्क्रूड्रायव्हरने सेल्फचे टर्मिनल जोडून इंजिन चालू करणं. असं केल्याने न्यूट्रल स्टार्टची साखळी पूर्ण वगळली जाते. मशीन गिअरमध्ये असेल तर ते चालू होताच पुढे सरकतं, आणि तुम्ही चाकासमोर किंवा ट्रॅकशेजारी उभे असता. माणसं अशीच चिरडली गेली आहेत. कोणाच्याही घाईपायी हे करू नका.

कंट्रोलर आणि की-पॅड असलेलं मशीन

नव्या मशीनमध्ये बऱ्याच स्विचमधून भाराचा करंट जातच नाही. स्विच कंट्रोलरला फक्त सिग्नल देतो, बहुतेकदा ५ व्होल्टच्या आसपास. टेस्ट लॅम्प इथे जास्त करंट ओढून कंट्रोलरचं आतलं सर्किट जाळू शकतो, म्हणून इथे फक्त डिजिटल मीटर. मॉनिटरवर सर्व्हिस मेन्यू असेल तर काम सोपं होतं: स्विच दाबा आणि स्क्रीनवर त्याची नोंद ऑन-ऑफ बदलते का बघा. बदलत असेल तर स्विच आणि त्याची वायर दोन्ही ठीक, बिघाड कंट्रोलरच्या आउटपुटपासून पुढे.

फॉल्ट कोड असेल तर त्यातला एफएमआय आकडा (बिघाडाचा प्रकार सांगणारा) वाचा. ३ म्हणजे व्होल्टेज नेहमीपेक्षा जास्त किंवा पॉझिटिव्हला शॉर्ट, ४ म्हणजे कमी किंवा अर्थिंगला शॉर्ट, ५ म्हणजे करंट कमी किंवा सर्किट उघडं, २ म्हणजे सिग्नल अनियमित. हा आकडा भाग बदलायला सांगत नाही, कोणत्या प्रकारचा बिघाड शोधायचा ते सांगतो.

प्रॉक्सिमिटी स्विच समोर आलेला धातू न शिवता ओळखतो, त्याला चालायला करंट लागतो. तीन वायर असतील तर तपकिरी पॉझिटिव्ह, निळी निगेटिव्ह आणि काळी सिग्नल. त्याचं तोंड माती, लोखंडी किसाने भरलेलं असेल किंवा समोरच्या पट्टीपासूनचं अंतर वाढलं असेल तर तो खराब दिसतो. आधी पुसा, अंतर बघा.

पूर्ण की-पॅडच मेला असेल आणि तो कॅन लाइनवर (कंट्रोलर एकमेकांशी ज्या दोन वायरींवरून बोलतात तिच्यावर) असेल, तर बॅटरी आयसोलेटर बंद करून कॅन हाय आणि कॅन लो यांच्यामध्ये ओहम मोजा. दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर असतात, म्हणून मिळून ६० च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक किंवा मधली वायर तुटली आहे. शून्याच्या जवळ आले तर दोन्ही वायर एकमेकींना टेकल्या आहेत.

स्विच खरंच खराब निघाला तर

आता बदला. नव्या स्विचवरचा अँपिअरचा आकडा वाचताना त्यापुढचं व्होल्टेजही वाचा. एकाच स्विचला, उदाहरणार्थ, १२ व्होल्टवर २० अँपिअर आणि २४ व्होल्टवर १० अँपिअर लिहिलेलं असतं, कारण जास्त व्होल्टेजची ठिणगी लवकर विझत नाही. एसी करंटसाठी लिहिलेला आकडा डीसी करंटवर लागू होत नाही. आकार तोच असला तरी तीन पिनांचा आणि सहा पिनांचा, धरून राहणारा आणि सोडल्यावर परत येणारा, यांत फरक असतो.

फक्त स्विच बदलून भागत नाही. कनेक्टरमधली पिन तापून निळसर-काळी झाली असेल तर तिची पकड गेलेली आहे. तीच पिन ठेवली तर नवा स्विचही तसाच जळेल. नवी पिन क्रिंप करा, वायरचं काळं पडलेलं टोक चमकदार तांबं दिसेपर्यंत मागे कापा. जोड द्यायचा असेल तर योग्य क्रिंप आणि गोंद असलेली हीट श्रिंक वापरा. नुसता पीळ आणि टेप हादऱ्यात टिकत नाही. कनेक्टरचं रबर सील जागेवर बसवा, पाणी येणाऱ्या जागी डायइलेक्ट्रिक ग्रीस (करंट न वाहू देणारं) हलक्या हाताने लावा. हार्नेस जिथे वाकतो तिथे थोडी ढील ठेवून बांधा.

कोणी त्या स्विचवर जादा लाइट जोडले असतील तर ते वेगळ्या रिलेवर आणि वेगळ्या फ्यूजवर घ्या. हॅलोजन दिवा थंड असताना, चालू होण्याच्या क्षणी नेहमीच्या कित्येक पट करंट ओढतो, आणि काँटॅक्टला पहिली जखम त्या क्षणी होते.

शेवटी तीच सुरुवातीची मापं पुन्हा घ्या, भार असताना: स्विचवरचा ड्रॉप, अर्थिंगवरचा ड्रॉप. आकडे मशीनच्या नोंदवहीत लिहा, कुठली पिन बदलली तेही लिहा. सेफ्टी स्विच बदलला असेल तर तो जोडतो की नाही एवढंच न बघता तो तोडतो की नाही तेही तपासा. लॉक लिव्हर लॉकच्या स्थितीत ठेवून जॉयस्टिक हलवा, काहीही हलता कामा नये. गिअरमध्ये टाकून किल्ली फिरवा, सेल्फ उचलता कामा नये. मग मशीन चालवून, हादरे देऊन, ऑपरेटरला शेजारी घेऊन पुन्हा बघा आणि त्याच्यासमोरच लिव्हरवरची पाटी काढून किल्ली त्याच्या हातात द्या.